तिथी बघा, मगच वल्हं हातात घ्या

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटायला नको. तुम्ही ६४, यजमान ६९. पक्ष्यांचं वेड तुम्हाला, गुडघेदुखी त्यांना, आणि पोहता दोघांनाही येत नाही. नाताळच्या सुट्टीत मालवण-वेंगुर्ल्याकडे जायचं ठरतंय, मुलीने कयाकिंगचा, म्हणजे छोट्या चिंचोळ्या नावेतून वल्हवत फिरण्याचा, व्हिडिओ पाठवलाय, आणि तुम्ही विचारताय की या वयात हे जमतं का आणि शोभतं का. शोभण्याबद्दल मी बोलणारा कोण? जमण्याबद्दल बोलतो. सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये लोकांना कयाकवर बसवण्यात माझी १४ वर्षं गेली, आणि आता तर तरुणांपेक्षा साठीच्या पुढची मंडळीच मला आवडायला लागली आहेत. ती घाई करत नाहीत आणि सांगितलेलं ऐकतात. अर्थात निवृत्त अधिकारी सोडून.

जमतं. पण लोक ज्याला घाबरतात ते अवघड नसतं आणि जे अवघड असतं त्याचा कुणी विचारच केलेला नसतो. वल्हवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. अर्ध्या तासात हात बसतो. अवघड गोष्टी दोनच: कयाकमध्ये बसणं-उठणं आणि परत येताना पाणी कुणाच्या बाजूने आहे ते. गुडघे आणि भरती-ओहोटी एवढं सांभाळलंत तर बाकीचं मी किंवा माझ्यासारखा कुणीही सांभाळेल.

आधी गुडघे. घरी एक प्रयोग करा. जेवणाचा पाट घ्या, तो भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, त्यावर बसून पाय समोर लांब करा, गुडघे किंचित वाकलेले. पाठीला उशी. असं वीस मिनिटं दोघांनी बसून बघा, चहा तिथेच घ्या हवं तर. कयाकमधली बैठक जवळजवळ अशीच असते. मांडीच्या मागच्या शिरा ओढल्या जाऊन कंबर भरून आली, तर महिनाभर रोज थोडं पाय ताणायचा व्यायाम करा आणि बुकिंग करताना उंच पाठीची सीट मागा. सगळीकडे नसते, पण मागितल्याशिवाय तर कुणी काढतच नाही. वीस मिनिटांनंतर यजमानांना पाटावरून उठायला किती आधार लागतो तेही बघा. एका हाताचा आधार पुरला तर उत्तम. दोन माणसं लागली तर त्यांच्यासाठी वेगळा बेत आहे, तो पुढे सांगतो.

कयाक दोन जातींची असते. एकीत पाय आत, पोकळीत जातात. दुसरीत तुम्ही वरच बसता, जशी फळीवर बैठक कोरलेली. तिला सगळे सिट-ऑन-टॉपच म्हणतात. तुम्हाला दुसरीच हवी. उलटली तर माणूस तिच्यात अडकत नाही, आपोआप बाजूला पडतो. त्यातही दोघांची घ्या. ती रुंद असते, साधारण ८०-८५ सेंटिमीटर, आणि पाण्यावर गरीब गायीसारखी उभी राहते. एकट्याची कयाक अरुंद, नवख्याला ती सारखी डुगडुगल्यासारखी वाटते आणि मग सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, पक्षी राहतात बाजूला.

आता बसायचं कसं. कोरड्या वाळूवर बसवून मग ढकलत पाण्यात नेणारे लोक आहेत, तसं करू देऊ नका, पहिल्याच धक्क्याला माणूस घाबरतो. कयाक गुडघाभर पाण्यात, किनाऱ्याला समांतर आणायची. पलीकडची कड गाइडने दाबून धरायची. तुम्ही अलीकडे, कयाककडे पाठ करून उभं राहायचं, दोन्ही हात मागे नेऊन सीटच्या दोन बाजू चाचपायच्या आणि कमोडवर बसतो तसं सरळ खाली बसायचं. आधी बूड, मग पाय. पाय उचलून आत फिरवायचे, एक एक करून. एक पाय आत टाकून उभं राहायचं आणि मग बसायचं, असं जे सिनेमात दिसतं, त्यात शंभरातले नव्वद पडतात.

उठणं याहून महत्त्वाचं, कारण तेव्हा माणूस दमलेला असतो आणि गाइडचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात एक काका होते, सत्तरी ओलांडलेले, दोन तास मस्त वल्हवलं त्यांनी. किनारा लागला तसे उत्साहाने ताडकन उठले आणि तसेच गुडघ्यावर आले, कारण डावा पाय पूर्ण मुंग्या येऊन झोपला होता आणि त्यांना ते बसल्या जागी कळलंच नव्हतं. लागलं नाही, पाणी होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: किनारा लागला की एक मिनिट कुणी हलायचं नाही. पायाची बोटं हलवायची, घोटे फिरवायचे. मग दोन्ही पाय एकाच बाजूला पाण्यात सोडायचे, तळवे जमिनीला टेकले याची खात्री करायची, पुढे वाकायचं आणि उठायचं. आधार देणाऱ्याने मनगट धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कोपराखाली हात द्यायचा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर अंधारी येते, त्यांनी पाय पाण्यात सोडून आणखी एक मिनिट बसावं.

दुसरी गोष्ट पाणी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण खाडीत जे काही बिघडतं ते बहुतेक इथेच.

भरती-ओहोटी रोज दोनदा हे शाळेत शिकलो आपण. पण रोज ती पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल सकाळी नऊला जिथे छान पाणी होतं तिथे आठवड्याने नऊला चिखल असतो. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात, शब्दच सांगतो काय होतं ते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. सिंधुदुर्गात उधाणाला साधारण दोन मीटरचा फरक पडतो, भांगाला जेमतेम मीटरभर, कधी त्याहूनही कमी. पाणी तेवढ्याच सहा तासांत चढायचं-उतरायचं असल्यामुळे उधाणाला ओढ जास्त आणि भांगाला कमी. नवख्याने भांग धरावा, हे उघड आहे.

आता वेळ. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच. पण पुण्यात बसून कालनिर्णयवरून सुट्टी ठरवायला एवढं पुरतं.

सकाळी काय हवं असतं आपल्याला? सातला निघावं, भरतीचं चढतं पाणी पाठीशी घेऊन खाडीत वर जावं, साडेआठ-नऊला पाणी थांबतं तेव्हा तिथे निवांत तरंगावं आणि मग उतरत्या पाण्याबरोबर परत यावं. जाताना फुकट, येतानाही फुकट. त्यासाठी पूर्ण भरती आठ-नऊच्या दरम्यान हवी. म्हणजे दशमी, एकादशी, द्वादशी. आणि गंमत अशी की भांगाचा जोर सगळ्यात कमी असतो तो अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे दशमी तशीही सोयीची. महिन्यातून दोनदा असे तीन-तीन दिवस मिळतात. मी साठीपुढच्या नवख्यांचं बुकिंग शक्यतो त्याच दिवसांत घेतो. (एकादशीला अडचण एवढीच की निम्म्या काकू उपाशीपोटी येतात. तसं चालणार नाही. खिचडी खा, राजगिऱ्याचा लाडू खा, पण खाऊन या.)

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारी चांगलाच भरतो. साडेदहाच्या आत किनाऱ्याला लागायचं, म्हणजे त्याच्याशी गाठच पडत नाही. दुपारची कयाकिंगची पॅकेजेस मिळतात, स्वस्त मिळतात, आणि ती स्वस्त का असतात ते तिथे गेल्यावर कळतं.

हे सगळं मी इतकं ठासून सांगतो, कारण माझं स्वतःचं एकदा चुकलं होतं. आठेक वर्षं झाली. पौर्णिमेचा दुसरा दिवस, बाराच्या आसपास पूर्ण भरती. माझ्याकडे सहा जण होते, नाश्त्याला उशीर, कुणाची टोपी राहिली, करता करता निघालो एक वाजता. खाडीतून एक अरुंद फाटा कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या झाडीत, जातो, तिथे हमखास पक्षी, म्हणून आत घेतलं सगळ्यांना. फोटो काढण्यात वेळ गेला. तीनच्या सुमारास वल्ह्याचं पातं खाली चिखलाला लागलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. उधाणाची सुकती, पाणी बादली उपसावी तसं निघून चाललेलं. पंधरा मिनिटांत तीन कयाक चिखलावर बसल्या. एक निवृत्त शिक्षिका मला मदत म्हणून खाली उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या. पाय निघाला, चप्पल आजही तिथेच आहे. परत पाणी यायला रात्र झाली असती.

मुख्य खाडीतून एक मासेमार काका बघत होते. ते लांब दोर घेऊन आले, चिखलावर एका रिकाम्या कयाकवर पोट टेकून पायांनी ढकलत आले, आणि आम्ही दोघांनी एकेक कयाक माणसांसकट ओढत पाण्याला लावली. चिखलावर कयाक छान घसरते, माणूस नाही. सगळं झाल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "पंचांग बघूक येता मां तुका?" त्या शिक्षिका अजून दिवाळीला शुभेच्छा पाठवतात, आणि त्यात दरवर्षी चपलेची चौकशी असते.

मग तुमचा बेत कसा असावा? नाताळचा आठवडा सोडा. तारकर्ली-देवबागला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आणि कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मोटरबोटी आणि जेट स्कींची इतकी ये-जा असते की त्यांच्या लाटांनीच कयाक हिंदकळते. देवबागच्या संगमावर तर सुकतीची ओढ मुखाकडे असते. नवख्याने तिथे वल्हं घेऊन जायचंच नाही, कोण कितीही म्हणो. जानेवारीतली दशमी ते द्वादशी धरा, सोमवार ते शुक्रवारात आली तर सोन्याहून पिवळं. कर्लीतच पण मुखापासून वर, नेरूरपारच्या बाजूला, पाणी शांत असतं आणि दोन्ही काठांना माड आणि कांदळवन. मालवणच्या उत्तरेला कालावलची खाडी, म्हणजे गड नदीचं मुख, तिचा आतला भाग माझा आवडता. आणि वेंगुर्ल्याला मांडवी खाडी.

मांडवीचं नाव मुद्दाम घेतलं. तिथे महिलांचा बचत गट हाताने वल्हवायच्या होडीतून कांदळवन दाखवतो, २०१७ पासून. यजमानांच्या पाटाच्या परीक्षेचा निकाल वाईट लागला तर त्यांच्यासाठी हाच बेत. होडीत बाकावर बसायचं असतं, गुडघे नव्वद अंशांत राहतात, आणि इंजिन नसल्यामुळे पक्षी उडत नाहीत. झाडांची नावं त्या बायका चिपी, तिवर, कांदळ अशी सहज सांगत जातात. ही कयाकच्या खालची पायरी आहे असं समजू नका. मला स्वतःला कुणी फिरवून आणणार असेल तर मी तिथे जातो.

पोहता येत नाही याबद्दल. लाइफ जॅकेट नीट असेल आणि गाइड सोबत असेल तर त्याने अडत नाही. मात्र जॅकेट 'नीट' म्हणजे काय ते तपासा: सगळी बकलं लावून झाल्यावर दुसऱ्याला तुमच्या खांद्यांवरच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात तुम्हाला नाही, स्वतःलाच तरंगवेल. पट्टे आवळा किंवा लहान मापाचं घ्या. आणि माझ्याकडे न पोहणाऱ्याला मी आधी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम आडवं पाडतो. मी शेजारी असतो, जॅकेट अंगात असतं, पाठीवर पडायचं आणि दहा आकडे मोजायचे. पहिल्या तीन आकड्यांना चेहरा बघण्यासारखा असतो, पण सातापर्यंत लोक आभाळाकडे बघायला लागतात. ज्याला एकदा कळलं की आपण बुडत नाही, तो कयाकमध्ये कडक होऊन बसत नाही, आणि कडक होऊन न बसणाऱ्याची कयाक उलटत नाही. ज्या ठिकाणी हे करू देणार नाहीत, "काय होत नाही हो, बसा" म्हणतील, तिथे होडीचा बेत करा.

पहिल्या दिवशी दोघं नवरा-बायको एका कयाकमध्ये बसू नका. एकात तुम्ही आणि गाइड, दुसरीत यजमान आणि दुसरा गाइड. पैसे जास्त पडतील, पडू द्या. मागचा माणूस दिशा देतो, पुढच्याने लय धरायची असते, आणि पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात कोण दिशा देतं याचा निकाल खाडीत लावायला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी बसा एकत्र. तुम्ही पुढे, पक्षी पुढच्याला आधी दिसतात.

वल्हं कसं धरायचं? लाटणं धरतो तसं, बोटांनी, मूठ आवळून नाही. हातांमधलं अंतर खांद्यांहून थोडं जास्त. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी आलं की काढायचं. त्याच्या मागे ओढलंत तर कयाक वाकडी जाते आणि खांदा दुखतो. ताकद दंडातून काढायची नाही. मोठ्या डेऱ्यात रवी घालून दोरीने ताक घुसळताना पाहिलंय ना? एक हात पुढे, एक मागे, आणि कमरेपासून वरचं अंग डावी-उजवीकडे फिरतं. तसंच. मिनिटाला पंचवीस वल्ही म्हटली तरी तासाला दीड हजार होतात. दीड हजार वेळा फक्त दंडाने ओढलं तर दुसऱ्या दिवशी कंगवा धरवत नाही. ज्यांचा खांदा आधीच आखडलेला आहे त्यांनी पातं खांद्याच्या वर जाईल असं कधीच उचलायचं नाही, वल्हं आडवं, खालीच ठेवून चालवायचं. वेग कमी होतो. तसाही कुठे जायचंय आपल्याला?

डॉक्टरांना विचारा, पण "कयाकिंग करू का" असं मोघम विचारू नका, ते नाहीच म्हणतील. नेमकं सांगा: पाय लांब करून दोन तास बसायचं, हात चालवायचे, पाण्यात पडायची शक्यता. मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल तर खाडीचं पाणी डोळ्यात गेलेलं चालेल का; खुब्याचा सांधा बदलला असेल तर इतकं खाली बसलेलं चालेल का; लघवीची गोळी सकाळी असेल तर त्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलता येईल का. रक्त पातळ करायची गोळी असेल तर मलाही सांगा, कारण खडकांना आणि कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. म्हणूनच अनवाणी उतरायचं नाही आणि चपलाही नकोत (शिक्षिकाबाई आठवा), मागे पट्टा असलेले बूट हवेत. मधुमेह असेल तर लिमलेटच्या गोळ्या जॅकेटच्या खिशात, पिशवीत नाही. पिशवी कयाकच्या मागच्या टोकाला बांधलेली असते आणि गरज लागते तेव्हा नेमकी हात पोहोचत नाही.

आता ज्यासाठी तुम्ही खरं तर जाताय ते.

कयाकमध्ये तुमचे डोळे पाण्याच्या पातळीपासून दोन-अडीच फुटांवर असतात. किनाऱ्यावरून जो पक्षी ठिपका असतो तो इथे तुमच्या उंचीला बसलेला असतो. आवाज नाही, उभं माणूस दिसत नाही, म्हणून तो बराच वेळ सहनही करतो. दुर्बीण आठपटीची घ्या, ८×३२ किंवा ८×४२. दहापटीची नको, हलत्या पाण्यावर चित्र थरथरत राहतं. पट्टा गळ्यात, दुर्बीण जॅकेटच्या आत. चष्म्याला दोरी.

खंड्यासाठीच जानेवारी सांगितला म्हणा ना. छोटा निळा खंड्या आणि पांढऱ्या छातीचा तुम्ही पुण्यातही पाहिलेत. खाडीत काळ्या डोक्याचा भेटतो, हिवाळी पाहुणा, पाठ गर्द जांभळी-निळी, चोच लालभडक, आणि उडाला की पंखात पांढरा झगझगीत पट्टा. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. आत, गोड्या पाण्याकडे, घोंगी खंड्या; सगळ्यांत मोठा, आणि त्याचं ओरडणं एखाद्याने टवाळ हसावं तसं. खंड्याची एक सवय सांगतो. तुम्ही काठाकाठाने पुढे निघालात की तो फांदी सोडतो आणि पुढच्या फांदीवर जाऊन बसतो. तुम्ही पुढे, तो आणखी पुढे. पाच-सहा वेळा झालं की त्याची हद्द संपते, आणि आता त्याला तुमच्या डोक्यावरून किंवा बाजूने परत फिरायचं असतं. तुम्ही काठाला चिकटून असाल तर तो वाट सापडेपर्यंत तगमगतो. म्हणून दुसऱ्यांदा उडाला की वल्ही थांबवा, खाडीच्या मधोमध या, आणि थांबा. मिनिटभरात तो चिर्र करत तुमच्या शेजारून परत जातो, इतक्या जवळून की निळा रंग दिसायच्या आधी आवाज जातो.

बगळ्याची भाषा मानेत असते. मान आखडलेली, लक्ष पाण्यात: तुम्ही त्याच्या हिशेबात नाही. मान सरळ उभी झाली आणि शिकार थांबली, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. इथेच थांबायचं, एक हातही पुढे नाही. पक्ष्याच्या रोखाने सरळ जायचं नाही, तिरकं जायचं आणि शेवटचे चाळीस-पन्नास फूट वल्हं न मारता पाण्यावर सोडून द्यायचे. वल्ह्याच्या पात्यावरून ठिबकणारं पाणीसुद्धा त्याला ऐकू येतं, ते मांडीवर आडवं धरा. पायजमा भिजेल.

वर बघायला विसरू नका. ब्राह्मणी घार तर असतेच, विटकरी अंग, पांढरं डोकं. हिवाळ्यात मीनखाई येते, ती पाय पुढे काढून पाण्यात झेपावते आणि मासा धरून वर आली की आधी अंग झटकते. समुद्रगरुड मुखाकडे. पाणी थोडं उतरलं की चिखलावर निवट्या, पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा, आणि एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे त्या नांगीने सतत 'या, या' करत असतात. यजमानांना पक्ष्यांत रस नसेल तर त्यांना निवट्यांपुढे सोडा, तास निघून जाईल. पाणमांजर दिसलं तर तुमचं नशीब. ते नसेल तरी काठाच्या खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसते; म्हणजे पहाटे इथे येऊन गेलं.

मगरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेल. गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्या जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे, तिथे मगरी आहेत आणि लोक त्या बघायलाच जातात. चिपळूणच्या वाशिष्ठीतही आहेत. तिथे मोठ्या बोटीतून जायचं, कयाक घेऊन नाही. पक्षी बघायला गोव्यापर्यंत उतरायचं असेल तर चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, रायबंदरहून फेरीने जाता येतं. आणि कुठल्याही नव्या खाडीत उतरण्याआधी गाइडला नाही, जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा. गाइडला तुमचे पैसे हवे असतात. जाळंवाल्याला काहीच नको असतं.

बुकिंगला फोन कराल तेव्हा दर शेवटी विचारा. आधी विचारा, गाइड माझ्याच कयाकमध्ये बसणार का. परत त्याच जागी उतरायचं की दुसरीकडे, आणि तिथे पायऱ्या आहेत की चिखल. आणि त्या दिवशी भरती किती वाजता. शेवटच्या प्रश्नाला "कधीपण या, पाणी असतंच" असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

कॅमेरा पहिल्या दिवशी खोलीवर ठेवा. फोन पारदर्शक पिशवीत, गळ्यात. साडी, ओढणी नको. पूर्ण बाह्यांचा कुडता आणि टोपी, टोपीला दोरी. मांडवीच्या बायका साडीत वल्हवतात हे खरं आहे, पण त्यांचा जन्म पाण्यावर गेलाय.

आणि पहिल्या सकाळी जरा लवकर पोहोचा. पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा आणि टपरीवर चहा घ्या. चहा संपल्यावर काडी बघा, पाण्यात उभी आहे की कोरड्यात. मग गाइडला तुम्हीच सांगा, अजून चढतंय की सुकती लागली. तो एकदा काडीकडे बघेल, एकदा तुमच्याकडे, आणि सगळ्यात चांगलं जॅकेट तुम्हाला काढून देईल.